बारदान वजा

सांगलीच्या मार्केट यार्डात, सातगोंडा मगदुमांच्या पेढीवर
मी लिहिलेला एक प्रोग्रॅम सोळा वर्षं चालत होता.
काम एवढंच :
भरल्या पोत्याचं वजन घ्यायचं,
रिकाम्या पोत्याचं वजा करायचं,
उरली ती हळद.

चाळीस केबी.
मशीन बदललं, पडदा सपाट झाला,
मी तो पेनड्राइव्हवरून उतरवायचो, दोनदा टिचकी मारायचो
आणि तो उठून कामाला लागायचा
पहाटेच्या हमालासारखा.
चहा नाही, तंबाखू नाही, ‘आधी अमकं आणा’ नाही.

मग तेजपालनं तो नव्यानं लिहिला.
पोरगा हुशार, पुण्यात दोन वर्षं काढून आलेला.
गोल कोपऱ्यांची बटणं, वर हळदीच्या रंगाची पट्टी,
बेरजा मराठी आकड्यांत.
दाखवताना त्याचे कान लाल झाले होते.
मी म्हटलं, छान.
खरंच छान होतं.

फाल्गुनातला सोमवार. सौदे सुरू व्हायचे होते.
बाहेर राजापुरीचे ढीग, तोंडाला रुमाल बांधलेले खरेदीदार,
आणि पडद्यावर एक चौकट :
हा प्रोग्रॅम चालण्यासाठी अमुक फ्रेमवर्कची तमुक आवृत्ती लागेल.
आता उतरवून घ्यायची का?
दोनशे दहा एमबी.
पेढीचं नेट म्हणजे सातगोंडांच्या धाकट्या सुनेचा मोबाइल,
आणि ती माहेरी, बेडकिहाळला.

एका वजाबाकीसाठी!

एका माणसाला जेवायला बोलवावं
आणि त्यानं दारातच विचारावं,
माझा आचारी, माझी भांडी, माझी विहीर
कुठं उतरवू?

तेजपाल म्हणाला, ‘काका, हल्ली सगळ्यांच्या मशीनवर असतंच ते.’
‘असतंच’ हा शब्द मी वहीत लिहून ठेवला.
आमच्या धंद्यात जे जे बुडालं
ते बहुतेक ह्याच शब्दात बुडालं.

त्या दिवशी सौदे कागदावर झाले.

रात्री विश्रामबागेत, घरी, मी माझा जुना कोड उघडला.
जरा मिरवायलाच, स्वतःपुढे.
पहिल्याच ओळीत मीही कुणाला तरी हाक मारत होतो :
विंडोजबरोबर फुकट आलेली एक लायब्ररी.
घरात आधीपासून असलेल्याचं ओझं
आपण धरत नाही.

आणि खाली, सतराव्या ओळीत,
पोत्याचं वजन मी आकड्यातच गोठवलेलं : एक किलो.
तागाचं पोतं.
प्लॅस्टिकची पोती येऊन दहा वर्षं झाली.
म्हणजे दर पोत्यामागे पाऊण किलोच्या वर हळद
माझा सडसडीत, स्वावलंबी, चाळीस केबीचा प्रोग्रॅम
बारदान म्हणून खात होता.
कुणाची?
झोप आली नाही.

सकाळी काट्यावर इलाही मुजावर होता.
त्याला विचारलं.
‘मला म्हाईत हाय की. मी पावतीवर हातानं वाढवून देतो.
शेतकऱ्याचं कशाला मारायचं?’
‘मला का नाही सांगितलंस?’
‘तुमी इचारलं न्हाई.’

म्हणजे दहा वर्षं
माझा प्रोग्रॅम इलाहीवर चालत होता,
आणि इलाही
कुठल्याच चौकटीत मागितला गेला नव्हता.

तेजपालनं आठ दिवसांत फ्रेमवर्क काढून टाकलं.
गोल कोपरे गेले. पट्टी राहिली, ती मीच राहू दिली.
तीन एमबी.
मी म्हटलं, अजून जास्तच आहे.
तो म्हणाला, ‘काका, तीनच.’
ह्यावर आमचं अजून एकमत नाही.

पोत्याच्या वजनाची जागा त्यानं मोकळी ठेवली होती.
तिथं काय भरायचं, म्हणून आम्ही दोघं
काट्याजवळ उभे राहिलो.
इलाहीनं रिकामं पोतं उलटं करून झटकलं,
पिवळी धूळ तिघांच्या अंगावर आली,
घडी करून ते काट्यावर ठेवलं,
आकडा थरथरून थांबेपर्यंत थांबला.

‘एकशे साठ,’ म्हणाला.
‘पर उद्या दुसरं पोतं आलं, तर परत इचारा.’